हरळीची पट्टी राखणारे भगवंतराव

भगवंतराव मास्तरांची आणि माझी पहिली भेट भाद्रपद चतुर्थीच्या सकाळी झाली, आणि त्या भेटीत मी चोर होतो. परभणीच्या शाळेमागच्या मैदानात एक लांबट हिरवी पट्टी दिसली. अशी कोवळी हरळी गावात कुठे नव्हती. मी पूजेसाठी मूठभर दूर्वा खुडल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करायलाव, शास्त्रीबुवा?"

"दूर्वा. गणपतीला."

"देवाला एकवीस लागतात. तुमी तर बॅट्समनसमोर खड्डाच पाडलाव की!"

मला सोळा संस्कार पाठ होते, वर्तमानपत्राला गावची वार्तापत्रेही मी पाठवीत असे. क्रिकेटची पट्टी कशी असते, हे ठाऊक नव्हते. शाळेचे हे ड्रिल मास्तर मूळचे झरीचे. तिथून गाडीभर काळी माती आणून, ती चाळून, तुडवून, वर हरळी लावून त्यांनी ही पट्टी केली होती. बाकी सगळीकडे काथ्याच्या चटईवर खेळत. मास्तर सांगत, चटईवर चेंडू ठरल्यासारखा उसळतो. विलायतेच्या ओल्या गवतावर तो घसरतो, अडतो, आणि आपला हिंदुस्थानचा संघ तिथे गोंधळतो. संघाची निवड मोठ्या शहरांत होवो. खेळाडूचे पाय घडतात ते गावच्या पट्टीवर.

या पट्टीवरचा पहिला सामना आम्ही सपशेल हरलो. मास्तरांचे लाडके फलंदाज, मूळचे राणीसावरगावचे शेतकरी किसनराव, शून्यावर बाद झाले. जिल्ह्याचे मोठे अंमलदार तालुकदारसाहेब सामना पाहायला आले होते. ते वैतागले. "मास्टर, चटाई बिछा दो, किस्सा खतम!"

"हुजूर, चटईवर झोप चांगली लागते. खेळ शिकायला हीच पट्टी पायजे."

नोकरी जाणार, असे मीही मनात वार्तापत्र लिहून टाकले. साहेब एवढेच म्हणाले, "एक साल. फिर चटाई."

त्या वर्षी मास्तरांनी उन्हाळाभर घरच्या आडाचे पाणी पट्टीला घातले. वहिनी म्हणत, "सवतीला पाणी, मला घागर रिकामी!" किसनराव रोज पहाटे पाणी मारलेल्या ओल्या पट्टीवर खेळत, पडत, शिव्या खात. "इथं पडलाव तर घरी जेवाल," मास्तर म्हणत, "तिकडं पडलाव तर देश पडतो."

वर्ष सरताना सिकंदराबादेत, पावसाने भिजलेल्या गवतावर आमचा सामना झाला. समोरच्या संघातले चटईवर वाढलेले फलंदाज एकामागून एक परतले. किसनराव दिवस मावळेपर्यंत उभे होते. मी तिथून तार केली: "पट्टी जिंकली." तालुकदारसाहेबांनी चटई कचेरीच्या ओसरीत अंथरली, तिथे ती शोभते.

माझी चोरी मास्तरांनी कधी मनात ठेवली नाही. उलट दर चतुर्थीला सीमारेषेबाहेरच्या एकवीस दूर्वा मोजून माझ्याकडे येतात, सोबत निरोप: "आत पाय ठेवू नका."

मास्तर आज साठ वर्षांचे झाले. हरळी उपटली तरी पेरापेरातून पुन्हा धरते; तसेच आयुष्य आणि आरोग्य त्यांना लाभो, आणि आपला संघ विलायतेच्या ओल्या गवतावर ठाम उभा राहिलेला त्यांना पाहायला मिळो. त्यासाठी यंदा मी देवाला एकवीस दूर्वा वाहणार आहे. माझ्या परसातल्या.