चौगुले सरांचा नियम

चौगुले सर पहिल्या दिवशी वर्गात पुस्तक आणत नसत, एखादी बिघडलेली वस्तू आणत. आमच्या वर्षी टेबलावर प्रेशर कुकर होता. "हा शिट्टी देत नाही. का?" मेकॅनिकलची मुलं शिट्टीच्या वजनावर बोलू लागली. मी इलेक्ट्रॉनिक्सची. म्हणाले, "सर, हा माझा विषय नाही."

सर खूश झाले. अशा कुणाची तरी ते वाटच बघत असावेत. "सरी, बरोबर! ऊठ अक्का, गेटपर्यंत जाऊन ये. वाटेत तिघांना विचार."

वॉचमन, माळी आणि लायब्ररीतला क्लार्क. तिघांचीही उत्तरं चुकली, पण क्लार्कने विचारलं, पाणी कावेरीचं की बोअरचं? शिट्टीच्या नळीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता. पुढे वर्षभर तोच नियम होता. जो "माझा विषय नाही" म्हणेल, तो गेटपर्यंत. एकदा खुद्द प्राचार्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं, तर सरांनी त्यांनाही गेट दाखवलं. प्राचार्य गेले नाहीत, आणि सरांचं प्रमोशनही झालं नाही.

सर निपाणीचे. अर्धं आयुष्य बेंगळुरात जाऊनही बोलण्यातली निपाणी सुटली नव्हती. मुलींना अक्का, मुलांना अण्णा. "प्रॉब्लेम दारात आला की त्याला आधी बसायला खुर्ची द्यायची, डिपार्टमेंट मागनं विचारायचं," असं ते म्हणत. सगळ्या शाखांच्या मुलांनी मिळून एकेक खरा प्रश्न सोडवायचा, असं केंद्र काढायची त्यांची इच्छा होती. कॉलेजने निवृत्तीपर्यंत "बघू" म्हटलं.

मी आता बेंगळुराबाहेर आनेकलजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या इस्त्री विभागात बायका दुपारी चक्कर येऊन पडू लागल्या. रत्ना नावाची बाई तापलेल्या इस्त्रीवरच पडली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. मॅनेजरने कारण लगेच शोधलं: ती सोमवारचा उपवास करते. चूक तिची. अहवाल येईपर्यंत तिने घरी बसावं. बाहेरच्या तज्ज्ञाचा अहवाल हवा, असं मालकांनी ठरवलं. मी सरांचं नाव सुचवलं. जयनगरहून ते दोन बस बदलून आले, गाडी पाठवते म्हटलं तरी.

मी त्यांना पंख्यांकडे नेलं. "पंखे बघायला मला कशाला बोलावलंस गं? पंखेवाल्याला बोलवायचं की." मग त्यांनी बायकांशी कन्नडमध्ये गप्पा मारल्या, त्यांच्याबरोबर डबा खाल्ला. पाण्याचा माठ उघडून बघितला. भर दुपारी तो काठोकाठ भरलेला होता.

"अक्का, या उकाड्यात हे पाणी कोण पीत नाही, आणि का?"

एवढी वर्षं मी त्या माठावरून जात होते. बायका पाणी पीत नव्हत्या, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि त्यासाठी सुपरवायझरच्या टेबलावरचा पास मागावा लागतो. पूर्ण ओळीसाठी एकच पास. सुपरवायझर पुरुष. मागितला की तो सर्वांना ऐकू जाईल असं विचारायचा, "परत?" शिवाय जेवणानंतर टार्गेट वाढायचं आणि पंखे कापडाची वाफ थेट चेहऱ्यावर फेकायचे.

सरांनी खडू मागून जमिनीवर सगळं काढून दाखवलं. "हे बघ. यात शरीर हाय, हवा हाय, लाज हाय आणि टार्गेट हाय. चारी एका डोक्यात बसवा, मग सुटतंय. एकेक घेऊन बसलात तर बायका पडत राहतील." रत्ना त्या दिवशी पगाराच्या कामासाठी आली होती. हाताला बँडेज. सरांनी तिला सांगितलं, "तुझी चूक नाही अक्का. मी तसं लिहितो." माझ्यासमोर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सरांनी चष्मा पुसला आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मी त्यांना इतकं नीटनेटकं इंग्रजी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पंख्यांची दिशा बदलावी, दोन पंखे नवे घ्यावेत. बस्स.

मी विचारलं, "आणि पास? पाणी? रत्ना?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मेकॅनिकलचा माणूस. बाकीचा माझा विषय नाही."

क्षणभर वाटलं, गंमत करतायत. आता हसतील, उठतील आणि गेटपर्यंत जाऊन येतील. मालकांनी चहा मागवला.

मालक एका नव्या कॉलेजचे विश्वस्त आहेत, हे मला माहीत होतं. त्या कॉलेजात सर्व शाखांचं एकत्र केंद्र निघणार आणि त्याचे प्रमुख चौगुले सर असणार, हे महिन्याभराने कळलं. मी फोन केला. सरांनी लपवलं नाही.

"अक्का, स्वल्प विचार कर. एक कारखाना गेला तर गेला. केंद्रातनं दरसाल पोरं बाहेर पडतील. असे शंभर कारखाने सुधारतील."

"तुम्ही तिला शब्द दिला होता."

"तू लई लहान बघतीस."

नवे पंखे आले. पास तिथेच राहिला. रत्नाला परत घेतलं नाही. मी पासविरुद्ध दोनदा लिहून दिलं, तर मला सांगण्यात आलं की तज्ज्ञांच्या अहवालात तसं काही नाही.

यंदा फेब्रुवारीत सरांच्या केंद्राची मुलं आमच्याकडे पाहणीला आली. कॉमर्सचा एक, नर्सिंगची एक, दोन इंजिनिअर. मी त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. अर्ध्या तासात नर्सिंगच्या मुलीने माठाचं झाकण उचललं. "मॅडम, हे पाणी कोण पीत नाही?" तिच्या तोंडी सरांचेच शब्द होते. मुलांनी पासबद्दल ठणकावून लिहिलं. केंद्र मालकांचं, त्यामुळे मालकांना ते वाचावं लागलं. पास गेला. माठ आता दुपारी दोनदा भरावा लागतो.

पास गेला त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाजात जुना उत्साह.

"बघ अक्का! म्हटलं नव्हतं का? झालं की नाही काम?"

"झालं सर. मुलं उत्तम आहेत. तुम्ही चांगलं शिकवलंत."

"मग?"

"रत्नाला कळवाल का? तिची चूक नव्हती म्हणून."



"कोण रत्ना?"

मी म्हणाले, "सर, गेटपर्यंत जाऊन या," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी केला नाही, मीही केला नाही.