शिंकरे डॉक्टरांचं कन्यादान

मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढत, त्या काळातली ही गोष्ट. कल्याणच्या दवाखान्यातल्या हरिहरपंतांना गावात नुसतं डॉक्टर कुणी म्हणत नसे. शिंकरे डॉक्टर म्हणत, आणि तेही तोंडावर! पावसाळा सरून माळावरचं गवत तुऱ्यावर आलं, की ह्या भल्या माणसाच्या नाकाला जी धार लागे, ती गवत कापून होईतो थांबायची नाही. आता शिंक म्हणजे अपशकुन. डॉक्टर रस्त्यात दिसले, की परगावी निघालेली माणसं चपला काढून पुन्हा ओटीवर बसत. सख्ख्या बहिणीचं लग्न कार्तिकात झालं, तेव्हा घरच्यांनी त्यांना परसात पिटाळलं होतं. मंगलाष्टकं त्यांनी विहिरीपाशी उभं राहून ऐकली. तो सल काही जाईना.

दुसरा असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. हरिहरपंत हट्टाला पेटले. अ‍ॅलर्जी हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यांनी मुंबईहून सूक्ष्मदर्शक आणला, कौलांवर चिकट काचा ठेवून वाऱ्यातली धूळ पकडली, आणि नाना गवतांचे पराग स्वतःच्याच दंडावर सुईनं ओरखडा काढून त्यात चोळले. ज्यानं लालबुंद गांध उठे, तोच वैरी! जर्मनीत कुणीतरी कातडीखालच्या दाणेदार पेशी रंगवून पाहिल्याचं कानावर आलं, तसा यांनीही आपल्या दंडाचा एक कण कापून रंगात बुडवला. पेशी दिसल्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या. त्या तिथं कशासाठी बसल्यात, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. अर्धं आयुष्य त्यात गेलं.

"अहो, दंड आहे की टाकी लावलेला पाटा?" बायको गोदाबाई म्हणायची.

अशात लेकीचं, सुमतीचं लग्न ठरलं. व्याही अण्णा गवताचे मोठे व्यापारी. ट्रामच्या घोड्यांना चारा त्यांच्याच गंजींतून जाई. स्थळ नामी, पण अट कडू.

"राग मानू नका डॉक्टर, पण कन्यादान मुलीच्या काकांच्या हातून होऊ द्या. ऐन मुहूर्तावर शिंक नको."

हरिहरपंत ताडकन उठले. एकुलती एक लेक, आणि पुन्हा विहिरीपाशी उभं राहायचं? "मार्गशीर्षात माळ मोकळे असतात, अण्णा. शिंकणार नाही. मांडवात एक जरी शिंक आली, तर मी आपण होऊन उठेन." अण्णांनी कशीबशी मान डोलावली.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ह्याच अण्णांनी मोठ्या मानानं गाड्या भरभरून गवत पाठवलं, मांडवात जाजमाखाली अंथरायला! अगदी ठेवणीतलं, तुऱ्यांसकट. पहिली गाडी उतरेपर्यंत डॉक्टर शिंकून शिंकून बेजार. गोदाबाईंनी कपाळावर हात मारला. गवत ठेवावं तर कन्यादान गेलं, परत करावं तर व्याह्याचा अपमान, सोयरीकच मोडायची.

डॉक्टर तडक अण्णांकडे गेले. बाही वर केली, दंडावर दोन ओरखडे काढले. एकात भाताच्या पेंढ्याची धूळ चोळली, दुसऱ्यात अण्णांच्या गवताची. पेंढ्याच्या जागी काही नाही. गवताच्या जागी बघता बघता गांध टरारून फुगली. मग तेच अण्णांच्या दंडावर केलं. तिथं काहीच उठलं नाही.

"म्हणजे हा अपशकुन नव्हे?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो. तुमच्या गवताचाही दोष नाही. माझ्या कातडीचं नि त्याचं पटत नाही, इतकंच."

अण्णांनी त्या लाल फुगवट्यावर बोट टेकवून पाहिलं. मग एकदम गड्यांवर खेकसले, "गाड्या जुंपा! मांडव झाडून काढा, पेंढा टाका! आणि कुणी विचारलंच, तर गवत ओलं निघालं म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला, तेव्हा नवरानवरीकडे कुणी बघेना. सगळा मांडव डॉक्टरांच्या नाकाकडे! मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली. शिंक नाही. हुश्श! गोदाबाईंच्या जिवात जीव आला.

मग हरिहरपंतांनी सुमतीचा हात जावयाच्या हातात दिला, वरून पाणी सोडलं, आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. नाकही लाल झालं. अण्णा लगबगीनं पुढं सरकले. ते वाकून कुजबुजले, "डॉक्टर, काडी न् काडी काढलीय हो! आता हे कुठलं गवत?"

"हे गवताचं नव्हे, अण्णा," हरिहरपंत म्हणाले. "हे वाहू द्या."