नंबर तोच राहणार होता

आमच्या घरात टेलिकॉम धोरणातलं सगळ्यांत जास्त मला कळतं, असं घरच्यांनी मान्य केलं होतं. ही त्यांची चूक.

मी पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. नंबर तोच ठेवून मोबाइलची कंपनी बदलता येईल, असा नियम देशात नुकताच आला होता. माझ्यासारख्या बाईला हे म्हणजे दिवाळी! महिनाभर मी वर्गात, स्टाफरूममध्ये आणि जेवणाच्या टेबलावर एकच विषय लावून धरला. स्पर्धा वाढणार, कंपन्या वठणीवर येणार, ग्राहक राजा होणार!

"नंबर तोच, माणूस तोच, बोलायचं तेच," माझ्या सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग कंपनी कशाला बदलायची?"

"आई, हा आपला हक्क आहे!"

"हक्क आहे म्हणून मी रोज दोनदा जेवते. चारदा नाही जेवत."

(सासूबाई अर्थशास्त्र शिकल्या नव्हत्या, म्हणून मी दुर्लक्ष केलं.)

नव्या कंपनीची एक योजना होती. घरातले सगळे नंबर तिच्याकडे नेले, की आपापसात बोलणं फुकट. झालं! मी घरातल्या झाडून सगळ्यांचे अर्ज भरले. माझा, सासूबाईंचा, नवऱ्याचा म्हणजे सुनीलचा. तो जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होता. नणंद वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचाही. तिचे यजमान नितीनराव उरणजवळच्या गावात राहायचे. त्यांना मी फोनवरून इतकं पटवलं, की त्यांनी शेवटी थकून होकार दिला.

आणि हो, घरातला लँडलाइन मी त्याच्या आदल्याच महिन्यात परत करून टाकला होता. "तांब्याच्या तारांचं युग संपलं," असं तो काढायला आलेल्या माणसाला मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे जरा दयेनं बघितलं होतं, पण ते मला नंतर आठवलं.

दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, जुनं सिम बंद पडलं की नवं टाकायचं. मधे दोनेक तास फोन बंद. तेही रात्री. कळणार पण नाही तुम्हाला!"

आम्हाला कळलं ते शुक्रवारी सकाळी. घरातले सगळे फोन एकदम गेले. मी विजयी मुद्रेनं तिघींच्या फोनमध्ये नवी सिमं घातली, जुनी ओल्या कचऱ्यात टाकली आणि कचऱ्याची गाडी आली तेव्हा स्वतः खाली जाऊन पिशवी देऊन आले. वर आले तर वैशाली सोफ्याचा हात घट्ट धरून उभी.

"वहिनी, पोटात कसंतरी होतंय."

"गॅसेस असतील."

"गॅसेस असे येऊन जाऊन नसतात, वहिनी!"

बाळंतपणाला अजून अवकाश होता. शिवाय तिचं ब्लडप्रेशर वर जात होतं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, की जरा जरी काही वाटलं तरी आधी मला फोन करा. मी फोन घेतला. नव्या सिमला रेंज नव्हती. नंबर शोधावा म्हणून यादी उघडली, तर यादी कोरी! सगळे नंबर जुन्या सिममध्ये साठवलेले होते, आणि जुनी सिमं दोडक्याच्या सालींबरोबर डंपिंगच्या वाटेला लागली होती.

मी शेजारच्या देशपांडेकाकूंकडे धावले. त्यांनी लगेच आपला फोन हातात दिला. "लाव, लाव, कुणालाही लाव!"

कुणाला लावू? मला पाठ असलेला नंबर एकच, सुनीलचा. तो लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

अस्तित्वात नाही! बिझी नाही, बंद नाही, थेट अस्तित्वातच नाही! वैशालीला नितीनरावांचा नंबर पाठ होता. तेही अस्तित्वात नव्हते. घरातली गाडी घेऊन सुनील जासईला गेलेला. आम्ही तिघी खाली उतरलो आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रिक्षा अडवली.

रिक्षा निघते न निघते तोच फाटकाशी गुलाबमावशी दिसल्या. त्या नितीनरावांच्याच गावच्या. दर शुक्रवारी आमच्या गल्लीत मासळी विकायच्या आणि दुपारच्या आत टेम्पोनं परत गावी जायच्या. मी रिक्षातून अर्धी बाहेर लोंबकळत ओरडले, "मावशी! नितीनरावांना सांगा, वैशालीला दवाखान्यात नेतोय! आमचे सगळ्यांचे फोन मेलेत! ताबडतोब या म्हणावं!"

"सांगतंय, सांगतंय! तुमी जा आदी!" मावशींनी टोपली डोक्यावर चढवली.

दवाखान्यात नर्सनं वैशालीला आत घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, तपासलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं. बाळाचे ठोके मंदावत होते.

"सीझर करावं लागेल. आत्ताच. फोन का नाही केलात?"

मी रेंज नसलेला फोन त्यांच्यापुढे धरला. स्पर्धा, ग्राहक, हक्क, सगळं त्यातच होतं.

सासूबाईंनी संमतीची सही केली. वैशालीला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा तिनं माझा हात धरला. तळहात बर्फासारखा गार. "वहिनी, नितीनला कळवलंत ना?"

"कळवलंय. निघालेत ते," मी म्हटलं.

दार बंद झालं. सासूबाई बाकावर जप करत बसल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचे, खिडकीबाहेर फोन धरायचे, रेंज नाही, परत यायचे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आत काही कमीजास्त झालं, तर बापाला कळवायलासुद्धा आपल्याकडे काही नाही, आणि ही सोय आपणच केलेली.

मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं आणि भलतंच संतापलेलं. नर्स बाहेर आली. "मुलगी. दोघी ठीक आहेत." सासूबाईंनी जपमाळ डोळ्यांना लावली आणि मी भिंतीला टेकून चक्क खाली बसले.

तासाभरानं मी कपडे आणि दुपटी आणायला घरी निघाले. (मी पुढच्या रस्त्यानं निघाले आणि त्याच वेळी नितीनराव मोटारसायकलवरून मागच्या रस्त्यानं दवाखान्यात पोचले. आमची चुकामूक झाली. तेवढ्यानं सगळा घोटाळा झाला.)

इमारतीच्या फाटकात ही गर्दी! पांढरे सदरे, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका, दोन टेम्पो. कोण गेलं? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा? मी मागच्या एका बाईला हळूच विचारलं.

"सुनीलची बायको गो," ती डोळे पुसत म्हणाली. "लय शिकल्याली व्हती. पन फोनपायी गेली."

"फोनपायी?"

"हा ना! शाक लागला म्हनतान."

नंतर उलगडा झाला तो असा. गुलाबमावशींचा टेम्पो जासईजवळ कंटेनरच्या रांगेत अडकला. निरोप तातडीचा, म्हणून मावशींनी शेजारून घुसणाऱ्या गावच्याच एका मोटारसायकलवाल्याला ओरडून सांगितलं, "वैशालीला दवाखान्यात नेलीय! तिच्या वैनीनं सांगलंय, फोन मेलं!" ट्रेलरचे हॉर्न आणि डोक्यावरचं हेल्मेट यांतून त्याला ऐकू आलं ते एवढंच: वैशाली दवाखान्यात, फोन, आणि वैनी मेली. मधला शॉक गावानंच लावला. गावात कुणीतरी खात्री करायला माझा नंबर लावला. तर बाईनं स्वच्छ सांगितलं, अस्तित्वात नाही! याहून पक्का पुरावा कोणता? नितीनराव मोटारसायकलवरून थेट बायकोकडे धावले, आणि बाकीचा गाव टेम्पो करून मला पोचवायला आला. येता येता जासईला थांबून त्यांनी सुनीललाही उचललं.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी मी गर्दीच्या मागे उभी होते आणि पुढे वैशालीच्या सासूबाई हंबरडा फोडत होत्या, "काय गो बाय तुजी जीब, मदासारखी ग्वाड! कवा कुनाला उलट बोलली नाय!" (मला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणी गेलं असावं.) देशपांडेकाकू जिन्यात पदर तोंडाला लावून सांगत होत्या, "सकाळी माझ्याकडे फोन मागायला आली, तेव्हाच चेहरा पांढराफटक होता हो!"

आणि पायरीवर सुनील. डोकं दोन्ही हातांत धरून, खांदे गदगद हलवत रडत होता. लग्नानंतर त्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला इतकं भरून आलं, की मी गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यापुढे गेले आणि म्हटलं, "अहो, रडू नका ना!"

वैशालीच्या सासूबाईंनी किंकाळी फोडली. "आगो बाय! ही त जित्ती हाय!" दोन बायका टेम्पोत चढल्या. एकानं हात जोडले. सुनीलनं माझा दंड चाचपून बघितला, डोळे पुसले आणि सगळ्या गावासमोर ओरडला,

"मग एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

मी सांगितलं. मुलगी झाली, वैशाली ठीक आहे, आणि आपण सगळे अस्तित्वात नाही. वैशालीच्या सासूबाई मटकन खाली बसल्या, मग हसायला लागल्या, मग पुन्हा रडल्या. नात झाल्याच्या आनंदात सगळा गाव त्याच टेम्पोंतून दवाखान्याकडे निघाला. पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं जिन्यावरून वर येताना बघून नर्सनं घाबरून प्रत्येक खोलीत डोकावून पेशंट मोजले म्हणे. नितीनराव मुलीला छातीशी धरून उभे होते; बाळंतिणीपुढे वाईट बातमी नको, म्हणून माझं नावही त्यांनी काढलं नव्हतं. मला बघताच त्यांनी आधी मुलगी माझ्या सासूबाईंकडे दिली आणि मगच दचकले.

संध्याकाळी सगळे फोन एकदम वाजले. नव्या परिवारात आपलं हार्दिक स्वागत!

पण बातमीला लागलेले पाय नंतरही थांबेनात. रोह्याचे मामा आले, पेणच्या मावशी आल्या, कॉलेजातली माझी मैत्रीण तर पांढरी साडी नेसून आली. दार मीच उघडायचे. प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची, पाणी द्यायचं, पोहे टाकायचे. स्वतःच्या दुखवट्याला आलेल्या माणसांना चहा करून पाजणारी पनवेलमधली पहिली बाई मीच असेन.

आणि निघताना प्रत्येकजण आवर्जून सुनीलला बाजूला घेऊन विचारायचा, "पुढं इकडं काही झालं-गेलं कळलं, तर खात्री करायला शेजारच्या काकूंचा नंबर मिळेल का हो?"