कठड्याआडची नदी

आईला वाहतं पाणी बघायचं होतं. भामा नदीच्या काठच्या गावात तिचा सगळा जन्म गेला. कंबरेचं हाड मोडल्यापासून मात्र ती आकुर्डीत, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आहे. "रविवारी नेतो" असं मी इतक्या वेळा म्हणालो की तिने विचारणंच सोडलं. ते मला जास्त लागलं.

शेवटी चाकांच्या खुर्चीसकट तिला राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेलो. तिथे नदीकाठाने खुर्ची जाईल अशी सपाट, सोपी वाट केली आहे. वाट खरंच छान होती. मी मागून खुर्ची ढकलत सांगत होतो, "आई, तो खंड्या बघ. पाणी किती नितळ आहे बघ."

मग ती म्हणाली, "तू सांगतूस आन मी ऐकती. रेडिओ ऐकाया आले का मी हितं?"

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. कठड्याची जाड आडवी फळी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येत होती. नदी दिसत होती ती फक्त उभ्याने चालणाऱ्यांना. इतका वेळ मी आईला लाकूड दाखवत आणलं होतं.

उठून खुर्ची ढकलत पुढे निघालो. उतार लागला तशी मी खुर्ची उलटी फिरवली आणि मागे मागे उतरू लागलो.

"हे काय रं?"

"कंपनीत भरलेली ट्रॉली अशीच उतरवतो. माणूस खाली, माल वर. निसटत नाही."

"म्हंजी आता मी माल व्हय?" ती हसली आणि एकदम ओरडली, "आरं थांब! थांब की!"

उतारावर कठडा नव्हता, नुसत्या तारा होत्या. पुढे सगळी झुडपंच होती. पण आम्ही मागे टाकलेली नदी तिच्यासमोर वळणापर्यंत उघडी झाली होती. सरळ उतरलो असतो तर नदी तिच्या पाठीमागेच राहिली असती.

मी ब्रेक लावला, चाकामागे दगड ठेवला आणि शेजारी जमिनीवर बसलो.

"त्या काळ्या दगडाखालनं पानी जातंय, का वळसा घालतंय?" तिने विचारलं.

वरून एक पिवळं पान वाहत आलं. दगडापाशी त्याने गिरकी घेतली आणि ते बुडालं.

"आता बघ, कुटं निघतंय ते."

मागून पहारेकरी म्हणाला, "काका, फाटक बंद व्हायची वेळ झाली."

"जरा थांबा भाऊ," मी म्हणालो, "पान अजून यायचंय."