सोमवारपर्यंत पुसायचं नाही

फोन आला तेव्हा गिरणीत ज्वारी पडत होती. परभणीच्या दवाखान्यातून नवरा बोलत होता. "गेले," एवढंच म्हणाला. दळण अर्ध्यावर असताना गिरणी बंद केली की दगडात दाणे अडकतात आणि पुन्हा सुरू करताना मोटार ओढत नाही. म्हणून मी ते दळण पुरं केलं, पीठ डब्यात भरून ज्या बाईचं होतं तिच्या हातात दिलं आणि मग बटण बंद केलं. सासरा मेला तरी सून दळतच होती, असं तिने नंतर गावभर सांगितलं. खरंच आहे ते. लोकांचं दळण अर्धं ठेवू नये, हे मला त्या सासऱ्यानेच शिकवलं होतं.

दत्तराव त्यांचं नाव. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणत आले; गावाला ते आबा. त्यांना जाऊन दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी गिरणीच्या दगडाला दोनदा टाकी लावून खाचा नव्या करून घेतल्या, पत्रे बदलले, माळ्यावरचं सगळं खाली काढून पुन्हा वर ठेवलं. एका जागी बसवत नाही. बसलं की समोर फळा दिसतो.

मानवतहून आमच्या गावाकडे वळलं की पहिली लागते ती आमची गिरणी. तिच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. लाइटचा भरवसा नसायचा त्या काळात दळणाच्या वेळा लिहायला मामांनी तो लावला होता. एकदा कुणीतरी वेळेच्या खाली लिहून गेलं की रेशनची साखर दुकानात येते, पण लोकांपर्यंत येत नाही. दुकानदार तणतणत आला आणि पुसायला लागला. मामांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "तुला जे म्हणायचं ते तू बी लिही. पण त्याचं पुसू नको." तेव्हापासून फळ्याचा कायदा झाला. कुणीही यावं आणि लिहावं, मात्र खाली आपलं नाव टाकावं. शिवी नको, कुणाच्या घरच्या बायकांवर नको, जातीवर नको. आणि सोमवारपर्यंत पुसायचं नाही. सोमवार आमच्या गावचा बाजाराचा दिवस. बाजार भरायच्या आधी मामा स्वतः ओल्या फडक्याने फळा पुसायचे, मग नवा आठवडा सुरू.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मोठे सुधारक होते. अजिबात नाही. डोक्यावर टोपी नसेल तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण घरात येत नसे. बंद पडलेली गिरणी मी चालवते म्हणाले तेव्हा, "बाईमाणसानं चव्हाट्यावर बसायचं?" एवढं बोलून आठ दिवस माझ्याशी अबोला. नवव्या दिवशी आपलं बाकडं उचलून गिरणीच्या दारात आणून ठेवलं आणि त्यावर बसले. "मला पटलं न्हाई," म्हणाले. "पण तुझी अक्कल तुझ्यापाशी. मी हितं बसतो, कुणी वाकडं बोललं तर बघू." त्यानंतर अठरा वर्षं ते तिथेच बसले, आणि अठरा वर्षं त्यांना ते पटलं नाहीच.

गावच्या हरिनाम सप्ताहाचे ते प्रमुख. कीर्तनकार कोण, पंगत कशी, कोण कुठे बसणार, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्या सप्ताहाच्या तोंडावर रेखाने फळ्यावर लिहिलं: "सात दिवस स्वयंपाक बायांनी करायचा आणि कीर्तनाला एक दिवस सुद्धा बाई उभी राहू नये, हा कुठला परमार्थ?" खाली ठसठशीत नाव. रेखा आमच्या गल्लीतलीच, तेव्हा मानवतला कॉलेजात जायची. मी आतून बघत होते. मामा उठले, चष्मा लावून दोनदा वाचलं, कानशिलं लाल झाली. सप्त्याची मंडळी आली. एकाने फडकंच सोबत आणलं होतं.

"पुसू का आबा? पोरगी शेफारली हाय."

"हात लावू नको."

"तुमच्यावरच लिव्हलंय की."

"माझ्यावर हाय म्हणूनच म्हणतो. दुसऱ्यावर असतं तर इचार केला असता."

मग त्यांनी खाली आपल्या वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं, की परंपरा एका दिवसात बसत नाही आणि एका दिवसात उठत नाही, खाली "दत्तराव". रेखाने त्याच्याखाली लिहिलं, "मग आज सुरुवात करा." सोमवारपर्यंत अख्खं गाव दळणाच्या निमित्ताने ते वाचून गेलं. रिकामे डबे घेऊनही लोक आले. सप्ताहात बाई कीर्तनाला उभी राहिली नाही ती नाहीच, मामांनी मत बदललं नाही. पण रेखा फळ्यापुढे आली की सरकून तिला जागा द्यायचे. "ये, लिही, काय दिवे लावायचेत ते," म्हणायचे आणि खडूचा डबा तिच्याकडे ढकलायचे. तीही लिहून झालं की त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची.

मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला राग येतो, मग ठेवता कशाला?" ते म्हणाले, "निजामाच्या टायमाला माझा बाप घरात बोलायचा तर आधी दार लावायचा. मी लहान होतो. मला वाटायचं, बोलणं म्हंजे चोरीच हाय." मग म्हणाले, "राग आला तर येऊ दे... त्यानं काय माणूस मरत न्हाई."

त्यांचं सरकारबद्दलचं मतही असंच सरळ. घरपट्टी वेळेवर, तहसीलदार आले तर उठून नमस्कार. पण सरकारने रस्ता करावा, पाणी सोडावं, चोर धरावा; उंबऱ्याच्या आत यायचं काम नाही. मी म्हणाले होते, "आणि उंबऱ्याच्या आत तुमचं सरकार चालतं, त्याचं काय?" माझी लेक नर्सिंगला पुण्याला जायचं म्हणत होती आणि हे नको म्हणत होते, तेव्हाची गोष्ट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "लिही फळ्यावर. खाली नाव टाक." माझे हात पिठाने भरलेले होते. मला वेळ नाही, म्हणाले. लेक पुण्याला गेली, मी पाठवली. पण अठरा वर्षांत दळणाच्या वेळा सोडल्या तर त्या फळ्यावर मी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गाव कसल्याशा स्पर्धेत उतरलं. तालुक्याहून फर्मान आलं की सगळ्या घरांची दारं एकाच रंगाची हवीत, आकाशी. जो रंगवणार नाही त्याला ग्रामपंचायतीतून दाखला मिळणार नाही. आमचं दार सागवानी, दरवर्षी दिवाळीला मामा स्वतः त्याला तेल पाजायचे. ग्रामसेवक रंगाचा डबा घेऊन आले तेव्हा मामा बाकड्यावरून उठले नाहीत.

"माझ्या दाराचा रंग तालुका ठरवणार? मग उद्या सांगतील, भाजीत तिखट किती घालायचं."

"आबा, गावाच्या भल्यासाठी हाय."

"माझं भलं मला इचारून करा."

दार तसंच राहिलं. स्पर्धेच्या तपासणीला साहेब यायच्या चार दिवस आधी रेखाने फळ्यावर लिहिलं: "दारं आकाशी झाली, नळ कोरडेच. साहेब, रंग बघून झाला की घागरी पण बघा." खाली नाव. त्या वेळी आमच्याकडे पाणी बारा-बारा दिवसांनी यायचं. लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामसेवक पुन्हा आले. मामा आत झोपले होते. मी मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं, त्याला विजेचा भार वाढवून हवा होता आणि त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. ते चहासुद्धा प्यायले नाहीत. फळ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमचा कागद सहीलाच ठेवलाय बघा. तपासणी नीट होऊन जाऊ द्या. भिंत तुमचीच हाय, मी काय सांगू." आणि गेले. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. ते गेल्यावर मी पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही. फडकं भिजवलं आणि पुसलं. कोपऱ्यातली दळणाची वेळ तेवढी ठेवली.

चारच्या सुमाराला मामा उठून आले. फळा वाळला होता, पण पुसल्याचे पट्टे दिसत होते.

"कुणी पुसलं?"

"शेळीनं अंग घासलं असेल," मी म्हणाले. इतकं मूर्ख खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

त्यांनी कोपऱ्यातल्या दळणाच्या वेळेकडे बघितलं. "हुशार हाय शेळी. वाचून पुसती," म्हणाले आणि बाकड्यावर बसले. मी आत जाऊन गिरणी सुरू केली. खरं सांगायचं तर तेव्हा दळायला काहीच नव्हतं.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे फडकं भिजवून त्यांनी तो कोरा फळा पुसला. रेखा आली ती तेव्हाच; सोमवारच्या आधीच फळा पुसल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिने रिकामा फळा बघितला, त्यांच्या हातातलं फडकं बघितलं.

"तपासणीच्या आधीच साफ केलं व्हय आबा? शेवटी तुमीबी त्यांच्यातलेच."

मी गिरणीच्या दारात उभी होते. आता सांगतील, असं वाटलं. एक वाक्याचं काम होतं. मामा म्हणाले, "फळा माझा हाय. पुसला गेला तर जबाबदार मीच." रेखा गेली. त्यानंतर तिने फळ्यावर कधी लिहिलं नाही. हळूहळू बाकीच्यांनीही सोडलं. दत्तरावांनीच पुसलं म्हणल्यावर राहिलं काय, असं लोक म्हणायला लागले. दार आकाशी नसतानाही मला दाखला मिळाला. यंत्र आलं. फळ्यावर नुसत्या दळणाच्या आणि कांडपाच्या वेळा राहिल्या. मामा तसेच बसायचे आणि दर सोमवारी पुसायचं काही नसताना फडकं फिरवायचे.

दिवाळीआधी ते दाराला तेल लावत होते. हात थरथरायला लागले होते म्हणून वाटी मी धरली होती. शेवटी मीच विषय काढला. "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"दुसऱ्याचं नाव मी कसं लिहू?" ते म्हणाले. "फळ्याचा कायदा हाय. ज्याचं त्यानं."

मी चिडले. म्हणाले, "तुम्हाला कायदा सुचतो. दोन पोरांचं शिक्षण त्या यंत्रावर चाललंय, घागर मी भरते, अर्ज मी घेऊन फिरते. तुम्ही बाकड्यावर बसून तत्त्व सांभाळणार आणि त्याची किंमत मी मोजायची?"

ते तेल लावायचे थांबले. म्हणाले, "हे बी खरं हाय. हे बी लिही."

मी लिहिलं नाही. वाटी ठेवली आणि आत गेले. पुढच्या महिन्यात त्यांचा दमा वाढला, मग परभणी, मग तो फोन.

तेराव्याला रेखा आली होती. आता ती परभणीला नोकरी करते. फोटोला नमस्कार करून मला म्हणाली, "काकू, माणूस चांगला होता. त्या एका वेळी तेवढा घाबरला." मी मान डोलावली आणि तिला जेवायला वाढलं. तिच्या ताटात भात वाढताना मला कळत होतं की मी काय करते आहे. तरी वाढत राहिले.

पुसण्यात माझी चूक झाली, असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. ज्याच्या हातात सही असते त्याच्याशी तुम्ही फळ्यावरून भांडू शकत नाही. मामांना ते जमलं, कारण त्यांचा कुठलाच अर्ज कुणाच्या टेबलावर नव्हता. पण पुसणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावावर पुसणं वेगळं. पहिल्याबद्दल मी त्यांच्याशी मनात अजून भांडते. दुसऱ्याबद्दल भांडायला माझ्याकडे काही नाही.

हा लेख पुरवणीत येईल तेव्हा गावात दोन-तीन घरांत वाचला जाईल. गावाला ते पेपरातून कळू नये, म्हणून गेल्या मंगळवारी, सकाळची दळणं यायच्या आधी, मी खडू घेतला. मामांचाच डबा, झाकण घट्ट बसलेलं, उघडायला सांडशी लागली. रेखाचं वाक्य मला पाठ होतं. ते होतं तसं लिहिलं, खाली तिचं नाव. मग त्याच्याखाली: "हे तपासणीच्या आधी मी पुसलं होतं. दाखल्यासाठी. दत्तरावांनी नाही." अक्षर फार वाईट आलं, सवय नाही. खाली नाव टाकलं. शोभा.

पहिलं दळण घेऊन आलेल्या बाईने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि डबा खाली ठेवला. "बारीक दळ," एवढंच म्हणाली. फळ्याचा फोटो काढून मी रेखाला पाठवला. तिने बघितल्याची खूण आली आहे. उत्तर नाही. तो तिचा प्रश्न. शुक्रवारी ग्रामसेवक मोटारसायकलवरून गेले, वेग कमी केला, वाचलं, थांबले नाहीत.

आज रविवार. मघाशी नवरा म्हणाला, सगळ्यांनी वाचलंय, आता पुस की. फडकं बादलीत भिजत पडलंय, बाकडं रिकामं आहे. मी त्याला म्हणाले, उद्या सकाळी. बाजार भरायच्या आधी.