मालकाले घेऊन या

बुलढाण्यात आमच्या रोपवाटिकेची वेबसाइट ज्या कंपनीकडे आहे, तिथल्या काउंटरवर तो बसतो. कॉम्प्युटरची स्क्रीन कायम स्वतःकडे वळवलेली, आणि नाही म्हणायचं असलं की तो चहा सांगतो. इतका गुळगुळीत माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण गिऱ्हाइकाच्या घरची मयत तो कधी चुकवत नाही. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा देऊळघाटला येऊन त्यानं खांदा दिला होता.

वेबसाइट सारखी बंद पडू लागली, म्हणून तिचं नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं मी ठरवलं. त्यासाठी लागणारा कोड याच्याकडूनच मिळतो.

“काऊन जाऊन राह्यले भाऊ? आमचं काही चुकलं काय?” असं विचारून प्रत्येक खेपेला त्यानं मला चहा पाजला आणि परत पाठवलं. परवा मात्र मी अडूनच बसलो.

“वेबसाइट तुमच्या भावाच्या नावावर हाये,” तो म्हणाला. “कोड पाहिजे तं मालकाले घेऊन या.”

“तुम्हीच त्याले खांदा दिला ना हो!”

“हाव, दिला.” त्याचा आवाज जराही हलला नाही. “पण इथं अजून तेच मालक हायेत.”

मग त्यानं पहिल्यांदाच स्क्रीन माझ्याकडे वळवली. नेमकी त्या दिवशी वेबसाइट चालू होती. टोमॅटोच्या रोपांचा ट्रे हातात धरून भाऊ हसत होता. घरातले त्याचे सगळे फोटो आईनं उचलून ठेवलेत. मी बघतच राहिलो. कोड मागायचं भानच राहिलं नाही.

त्यानं दाराकडे तोंड करून दोन चहा सांगितले.