विमानात बोललेला नवस

लढाईची विमाने हल्ली डोक्यावरून जाऊ लागली की मुरबाडच्या बाजारात कोणी ना कोणी ती गोष्ट काढतेच. "आपल्या डॉक्टरीणबाई विमानात बसल्या होत्या, अशा किंचाळल्या!" मी किंचाळले नव्हते. काय घडले ते आता क्रमाने लिहून टाकते.

लढाईच्या आधीची गोष्ट. हौशी लोकांना चार घिरट्या मारून आणणारे एक विमान फिरत फिरत आमच्या तालुक्यात आले. गवत कापून मोकळा झालेला माळ त्याला उतरायला दिला. गुरे अडवायला माणसे, पाण्याचे हंडे, बसणाऱ्यांचा क्रम ही सगळी व्यवस्था माझ्याकडे होती, कारण दुसरे कोणी ती नीट केली नसती. पहिल्या फेरीला तिघे: ज्यांचा माळ ते जमीनदार, ज्यांना सगळे मालक म्हणत; शाळेचे हेडमास्तर; आणि दवाखान्याचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान. त्यांना ऐन वेळी धसईला रोग्याकडे जावे लागले, म्हणून त्यांच्या जागी मी बसले.

वैमानिक मागे उघड्यावर आणि आम्ही तिघे पुढे पेटीसारख्या बंद जागेत. डोंगराजवळ पोचलो आणि यंत्राचा आवाज एकदम थांबला. विमान खाली जाऊ लागले.

हेडमास्तरांनी माझा हात धरला. "वहिनी, माझ्या पेटीची किल्ली फडताळात वरच्या कप्प्यात आहे. घरी तेवढे सांगा." मीही त्याच विमानात आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. मला आठवले की सोललेले वाल उघडे राहिलेत आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला आहे. भीती मलाही वाटली. किंचाळले ते मालक. टोपी छातीशी धरून, पाय वर घेऊन ओरडत होते, "आई, वाचव गं! काळा बोकड देईन! बोकड देईन गं!"

यंत्र पुन्हा सुरू झाले आणि आम्ही नीट उतरलो. मालकांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली, खाली पाऊल टाकले आणि जमलेल्या गर्दीला सांगितले, "बाईमाणूस फार घाबरलं हो. त्यांच्यासाठी मला देवीला नवस बोलावा लागला." मी हेडमास्तरांकडे पाहिले. ते धोतराची धूळ झाडत होते.

इथपर्यंत मी हसून सोडून दिले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे लाकडाची मोळी घालणारी, मालकांच्या जमिनीवरच्या ठाकरवाडीतली ठाकरीण रिकाम्या हातांनी आली.

"बाय, मालकाचा मानूस माजा बोकड सोडून घेऊन गेला. वर उडला मालक, नि बोकड माजा? पोरीचं लगीन त्याच्यावर हाय गो!"

मालकांकडे पाहुणा आला की कोंबडी वाडीतून, लग्न निघाले की सरपण वाडीतून. या वेठीची सगळ्यांना इतकी सवय झालेली की देवीचे देणेही वाडीतून वसूल करताना मालकांना काही चुकतेय असे वाटलेच नाही! मी तशीच तिला घेऊन देवळात गेले.

बोकडाला हळद लावून झाली होती. आमच्याकडे बोकडाच्या डोक्यावर पाणी घालतात; त्याने अंग झाडले की देवीने घेतला. थंड पाणी पडल्यावर कुठले जनावर अंग झाडणार नाही? मालकांनी तांब्या उचलला होता; शेजारी हेडमास्तर उभे होते.

"थांबा," मी म्हटले. "नवस कोणासाठी बोललात?"

"तुमच्यासाठीच की, वहिनी. तुम्ही घाबरला होतात."

"हेडमास्तर, तुम्ही शेजारी होतात. ओरडले कोण?"

"मी... माझे डोळे मिटलेले होते," हेडमास्तर म्हणाले. कान तर उघडे होते ना!

खरे सांगून उपयोग नव्हता. साक्षीदारच पळाला होता. मग मी देवीची पूजा करणाऱ्या भगताला विचारले, "माझ्या जिवासाठी बोललेला नवस कोणी फेडायचा?"

"ज्याचा जीव त्यानंच फेडायचा, बाय."

"ठीक. मी किंचाळले, मीच घाबरले. तेव्हा नवस माझा. मी पाच नारळ आणि खण देते. देवी रागावली तर माझ्यावर. बोकड सोडा."

गर्दीत हशा पिकला. "बाय कबूल झाली रे!" मालकांचा तांब्या हातातच राहिला. आता बोकड हवा म्हणायचे तर ओरडणारा आपणच, असे सर्वांसमोर म्हणावे लागले असते. "सोडा रे," ते म्हणाले. ठाकरणीने हळदीचा बोकड ओढत वाडीची वाट धरली.

संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. "वहिनी, तुम्ही फार चांगलं केलंत. मला सगळं ठाऊक होतं."

"मग ते देवळात का नाही सांगितलंत?"

"मुलांची शाळा मालकांच्या जागेत भरते हो."

मी त्यांना चहा दिला नाही. पायरीवरूनच परत पाठवले.